सिस्टरांचं लांबलेलं कर्ज

कोणी ठासून काही समजावायला लागलं की सिस्टर चष्मा काढून मांडीवर ठेवायच्या. समोरच्याला वाटायचं, बाई कंटाळल्या. तसं नसायचं. माणसाच्या चेहऱ्यावरचा आत्मविश्वास दिसत राहिला की त्याचं बोलणं नीट ऐकू येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. सगळं ऐकून झालं की चष्मा परत चढवायच्या आणि म्हणायच्या, "हे झालं उत्तर. आता कारण सांगा."

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते नवी मुंबईत उलव्याला राहायला आल्या आल्या. पाण्याची टाकी कागदावर होती त्यापेक्षा लहान का झाली, हे सांगायला बिल्डरचा माणूस आला होता. त्याने नकाशा पसरला, नियम सांगितले, इंग्रजीत दोन-चार शब्द फेकले. सिस्टरांनी चष्मा चढवून कारण विचारल्यावर तो नकाशाची घडी करत म्हणाला, "खरं सांगू का मॅडम? चुकून झाली." सिस्टर खूश. "बगा, हे कारण हाय. ह्याच्यावर औषध करता येतं." औषध कोणी केलं नाही ती गोष्ट वेगळी. टाकी लहानच राहिली.

अशी एखादी व्यक्ती तुमच्याही सोसायटीत असेल. ती मीटिंगला आली की सेक्रेटरी घड्याळाकडे बघायला लागतो.

सिस्टर मूळच्या परभणीकडच्या. नर्सिंग शिकायला मुंबईला आल्या आणि सरकारी रुग्णालयातच सारं आयुष्य काढलं. लग्न राहून गेलं. उलव्याचा फ्लॅट घेतला तो उशिरा, आमच्याच मजल्यावर, आमच्या समोर. बुद्धपौर्णिमेला प्रत्येक मजल्यावर खीर पोचवायच्या आणि संविधान दिनाला सगळ्यांना खाली बोलावून उद्देशिका वाचायला लावायच्या. खिरीला सगळे घरी असायचे. उद्देशिकेला आम्ही पाच-सात जण. तरी त्या खणखणीत आवाजात वाचायच्या, वॉर्डमध्ये डॉक्टरांचा राउंड चालू असावा तशा.

कर्ज घेताना त्यांनी एकच गोष्ट पक्की धरली होती. नोकरी संपेल तेव्हा कर्जही संपलं पाहिजे. मग परभणीला भावाच्या घरी काही महिने, इथे काही महिने. तिकडच्या मुलींना ड्रेसिंग, इंजेक्शन शिकवायचं, आणि नाइट ड्युटीचं नावसुद्धा काढायचं नाही. माझ्या बायकोला म्हणायच्या, "वहिनी, मी रिटायर झाले की आधी आठवडाभर नुसती झोपणार बगा."

निवृत्ती जवळ आली तसं कर्ज बंद करायची चौकशी करायला त्या बँकेत गेल्या. मी सीबीडी बेलापूरला सरकारी कचेरीत कारकून, बँकेची शाखाही तिकडेच, शिवाय माझं कर्ज त्याच बँकेचं. म्हणून मलाही बरोबर नेलं. मॅनेजर तरुण होता, नम्र होता. त्याने पडद्याकडे बघून सांगितलं, "मॅडम, तुमचे अजून बरेच हप्ते आहेत. जवळपास आठ वर्षांचे."

सिस्टरांनी चष्मा काढला.

"त्याचं असं आहे," मॅनेजर म्हणाला, "व्याजाचा दर वाढला तेव्हा आम्ही तुमचा हप्ता वाढवला नाही. कस्टमरवर लोड नको म्हणून मुदत वाढवली."

"मला विचारलं होतं?"

"ते सिस्टीम करते, मॅडम. ऑटोमॅटिक."

"मधे दर उतरले होते की. तेव्हा कमी केली का मुदत?"

"नाही, त्याला अर्ज लागतो. थोडी फी भरून तुम्ही नव्या दरात येऊ शकला असता. नव्या कस्टमरना तोच दर होता."

सिस्टरांनी चष्मा चढवला. "चढताना आपोआप चढतो आणि उतरताना अर्ज मागतो, असा ताप मी अख्ख्या नोकरीत पाहिला नाही ओ."

मॅनेजर मनापासून हसला. त्याने चहा मागवला आणि दिलासा दिला, "टेन्शन नका घेऊ. व्याज जास्त गेलं तर इन्कम टॅक्समध्ये सूट पण मिळाली ना तुम्हाला."

हे वाक्य त्यांनी सोडलं नाही.  परतीच्या बसमध्ये त्या एकदम मला म्हणाल्या, "भाऊ, म्हणजे ह्यांनी माझ्याकडनं जास्त घ्यायचं, आणि त्यातलं थोडं सरकारनं मला सोडायचं. मग लुबाडलं कुणाला? मला का सरकारला?"

"दोघांनाही," मी म्हणालो.

"मग सरकारला कळवायला पाहिजे."

मला वाटलं, गंमत करताहेत.

त्या रविवारपासून सिस्टर इमारतीत दारोदार फिरल्या. ज्यांची ज्यांची त्या बँकेची कर्जं होती, त्या सगळ्यांची मुदत अशीच वाढलेली निघाली. कोणाची मुलगी लग्नाला येईपर्यंत, कोणाची स्वतःच्या निवृत्तीपलीकडे. लोक हळहळले. "सगळ्याच बँका असंच करतात," म्हणाले. "आपण काय करणार?" म्हणाले. दरवाजे लागले. सेक्रेटरी मला बाजूला घेऊन म्हणाला, "सिस्टरना समजवा यार. उद्या बँकेने सोसायटीलाच त्रास दिला तर?"

बँकेच्या वरच्या कार्यालयात तक्रार गेली. उत्तर आलं की सर्व काही करारानुसार आहे. पुन्हा तक्रार गेली. पुन्हा तेच उत्तर, सही फक्त वेगळी. दरम्यान सिस्टर निवृत्त झाल्या आणि आठवडाभर झोपण्याऐवजी नेरूळच्या एका नर्सिंग होममध्ये नाइट ड्युटीला लागल्या. पेन्शनमधून हप्ता गेला की हातात फारसं उरत नव्हतं. गुडघे दुखायचे. जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबायच्या आणि आम्ही दार उघडलं की म्हणायच्या, "काही न्हाई, नाडी मोजते माझी."

मग एक दिवस वर्तमानपत्रात जाहिरात आली. बँका कर्जदारांशी कशा वागतात याची संसदेची एक समिती तपासणी करत होती आणि लोकांकडून निवेदनं मागवली होती. सिस्टर तो पेपर घेऊन आमच्याकडे आल्या तेव्हा मी त्यांचा चेहरा पाहिला. तो कोऱ्या केसपेपरवर पहिली ओळ लिहिणाऱ्या माणसाचा चेहरा होता. निवेदन आम्ही माझ्या डायनिंग टेबलावर लिहिलं. मी सरकारी भाषा घालायचो, त्या काढायच्या. "'सबब विनंती' कशाला? मी विनंती करत नाही, दुखतंय कुठं ते सांगतेय." खाली त्यांनी लिहिलं, "मी आणि माझी इमारत."

आणि खरंच बोलावणं आलं. समिती मुंबईला येणार होती, एका मोठ्या हॉटेलात सुनावणी होती. मी रजा काढून बरोबर गेलो. सिस्टरांनी पांढरी इस्त्रीची साडी नेसली होती, ड्युटीवर असाव्यात तशी. खासदार उशिरा आले. बँकांचे साहेब मात्र वेळेआधी हजर, प्रत्येकामागे फाइल धरणारा एकेक माणूस. सकाळ त्यांच्या सादरीकरणात गेली. मग जेवण. मग आमचा नंबर लागला तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "थोडे में बोलिए, बहेनजी, फ्लाइट है."

सिस्टर थोडक्यातच बोलल्या. तापाचं सांगितलं. मग म्हणाल्या, "साहेब, माझ्याकडनं जादा व्याज घेतलं. त्या व्याजावर मला करात सूट मिळाली. ती सूट तुमच्या तिजोरीतून आली. म्हणजे माझ्या एकटीचं नुकसान झालेलं नाही, तुमचंही झालंय. मला काही विचारू नका. ह्यांना विचारा."

कोणीतरी ते लिहून घेतलं. एक म्हातारे सदस्य, जे तोवर डोळे मिटून बसले होते, ते पुढे वाकले आणि बँकेच्या साहेबांना म्हणाले, "जवाब दीजिए." साहेब उठले आणि म्हणाले, "सर, आम्ही लेखी सादर करू." अध्यक्षांनी मान डोलावली. पुढचा माणूस.

बस. एवढंच. पण त्या दिवशी सिस्टर परत येताना लहान मुलीसारख्या बोलत होत्या. "भाऊ, त्यांनी लिहून घेतलं. पाहिलंत ना? लिहून घेतलं."

पंधरवड्यात बँकेचा फोन आला. त्यांचं प्रकरण 'विशेष बाब' म्हणून सोडवलं जाणार होतं. जादा व्याज परत, कर्ज बंद. फक्त एका पत्रावर सही करायची, की माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही आणि निवेदन मी मागे घेत आहे.

"आणि बाकीच्यांचं?" सिस्टरांनी विचारलं.

"मॅडम, हे तुमच्यासाठी आहे."

माझी बायको रडायचीच बाकी होती. "सही करा हो सिस्टर. किती दिवस ड्युटी करणार?" मीही तेच म्हणालो. घरात आवाज चढला माझा. ज्या लोकांनी दार लावून घेतलं त्यांच्यासाठी ही बाई रात्री जागणार, हे मला सहन होत नव्हतं.

"भाऊ, तुमचं कर्ज?" त्या म्हणाल्या.

"आमचं आम्ही बघू."

"न्हाई बघणार तुमी." आवाजात राग नव्हता. "मी तिथं 'माझी इमारत' म्हणून आले. आता इमारत काढून घेऊ का?"

त्यांनी पत्रातल्या त्या दोन्ही ओळी खोडल्या, 'माझी तक्रार मिटली, इमारतीची बाकी आहे' असं लिहिलं आणि सही केली. बँकेने ते पत्र परत केलं. असा बदल चालत नाही, असं सांगून.

ते महिने आठवले की आजही माझं डोकं तापतं. आम्ही समितीला पत्रं पाठवली. उत्तर यायचं, प्रकरण विचाराधीन आहे. मग निवडणुका आल्या. लोकसभा विसर्जित झाली, तिच्याबरोबर समितीही. शेवटचं पत्र आलं ते असं की समितीची मुदत संपल्यामुळे निवेदन निकाली काढण्यात येत आहे, इच्छा असल्यास नव्या समितीकडे नव्याने अर्ज करावा. कोणाची चूक नव्हती. प्रत्येक जण नियमाने वागला होता. बँकेत गेलो तर मॅनेजर बदललेला. नव्याला 'विशेष बाब' माहीतच नव्हती. इमारतीत कोणीतरी म्हणालं, "प्रसिद्धी हवी होती बाईला." सेक्रेटरीही नव्हे, ज्याची मुदत सगळ्यात जास्त वाढली होती तोच हे म्हणाला.

सिस्टर त्या संध्याकाळी आमच्याकडे आल्या, सोफ्यावर बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "घर विकते."

मी वाद घातला नाही. त्यांचे पाय सुजले होते. नव्या विमानतळामुळे उलव्यात भाव बरा होता, गिऱ्हाईक लवकर मिळालं. एक तरुण जोडपं, दोघंही नोकरीवाले, सालस. फक्त ते कर्ज घेणार होते त्याच बँकेकडून. तिथे काम लवकर होतं, असं एजंट म्हणाला होता.

सह्यांच्या दिवशी सिस्टरांनी त्या दोघांना टेबलाशी बसवलं, स्वतःच्या हाताने पोहे केले आणि त्यांचा करार उघडला. बदलत्या व्याजाचं कलम बोट ठेवून वाचून दाखवलं. दर वाढला तर काय होतं, उतरला तर काय होत नाही, मुदत कशी लांबते. मुलगी लक्ष देऊन ऐकत होती. नवराही. दारात बँकेचा माणूस उभा होता. तो म्हणाला, "सर, आज अपलोड नाही झालं तर सॅंक्शन पुढच्या महिन्यात जाईल."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मुलगी ओशाळून म्हणाली, "मावशी, पण सगळ्याच बँका अशाच ना?"

 सिस्टरांनी करार तिच्याकडे सरकवला आणि पेन शोधून दिलं. सह्या झाल्यावर तिला घर दाखवत फिरल्या. ही खिडकी दुपारी लावून घे, विमानांचा आवाज इकडून येतो. गॅसचा नळ जरा घट्ट आहे, दोन्ही हातांनी फिरव. मुलीने खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला, तेव्हा त्यांनी तिला उठवून जवळ घेतलं.

घर सोडायच्या दिवशी सामानाचा टेम्पो सकाळीच पुढे गेला. सिस्टर आमच्याकडे जेवल्या आणि संध्याकाळच्या गाडीने परभणीला गेल्या. मी स्टेशनवर सोडायला येतो म्हणालो, त्यांनी रिक्षापर्यंतच येऊ दिलं.

त्या जोडप्याच्या कर्जातूनच सिस्टरांचं कर्ज फिटलं. समोरच्या दारावर आता नवी पाटी आहे. बँकेच्या लेखी मात्र त्या घरातून कोणी गेलेलं नाही. हप्ता चालू आहे.