साबणाचा बर्फ आणि म्हातारीचं पीठ

या धाग्यावरचे जवळजवळ सगळे अनुभव मी वाचलेत. त्यातल्या निम्म्यांखाली "लॉजिक?" एवढी एकाच शब्दाची कॉमेंट टाकणारा खवचट माणूस मीच. पांढऱ्या साडीतल्या बाया, बंद खोलीत वाजणारी पैंजणं, बाइकवर मागे बसून मध्येच गायब होणारे आजोबा... या सर्वांवर माझा एकच सल्ला असायचा – रात्री कमी जेवा. तो सल्ला अजूनही मागे घेतलेला नाही. पण एक प्रकरण आहे, जे माझ्याच घरात घडलं आणि ज्याच्याखाली मला "लॉजिक?" लिहिता येत नाही. ते सांगतो. हसायचं तर हसा, मी तुमच्यावर भरपूर हसलोय.

२०१६ चा डिसेंबर. आम्ही सिंगापूरला, बुकित बातोकमध्ये अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायचो. मी, बायको अनघा आणि तेरा वर्षांची ईशा. मी आयटीत मॅनेजर, म्हणजे स्वतः काही न करता दुसऱ्यांना कारणं विचारणारा. घरात माझं नाव 'हवामान खातं'. कारण कुणी काही विचारो न विचारो, मी खुलासा करतो, आणि तो बहुधा चुकतो.

पुण्याहून सासूबाई महिनाभर राहायला आल्या होत्या. रविवारी संध्याकाळी त्यांचं परतीचं विमान होतं. महिन्याभरात त्यांनी एकच गोष्ट मागितली.

"विनायकराव, इथे बर्फ कुठे बघायला मिळतो का हो?"

"आई, हे सिंगापूर आहे. इथे बर्फ फक्त उसाच्या रसात मिळतो."

मी माझ्याच विनोदावर हसलो. अनघा हसली नाही. तिला माहीत होतं बर्फ कशासाठी हवाय ते. तिचा धाकटा भाऊ मिलिंद अमेरिकेत बफेलोला राहतो, जिथे वर्षातले चार-पाच महिने बर्फ. तीन वर्षांपूर्वी सासरे गेले तेव्हा तो आला नाही. व्हिसाचं काहीतरी अडकलं होतं, देश सोडला असता तर परत शिरता आलं नसतं. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "आता येऊच नकोस." आणि त्या शहाण्याने ते शब्दशः घेतलं! तीन वर्षं माय-लेकांत एक शब्द नाही. माझं मिलिंदबद्दलचं मत इथे छापता येणार नाही. पण या बाईला मुलगा नाही तर नाही, निदान तो ज्यात राहतो तो बर्फ बघायचा होता. हे मला फार उशिरा कळलं.

तर शनिवारी आम्ही त्यांना एका मॉलला नेलं. नाव सांगत नाही. ख्रिसमसच्या दिवसांत तिथे दारासमोरच्या मोकळ्या जागेत रोज संध्याकाळी 'स्नोफॉल' व्हायचा. म्हणजे वर लावलेली यंत्रं साबणाचा फेस उडवायची, आणि खाली पोरं आणि त्यांचे आईबाप वेड्यासारखे नाचायचे. तीस डिग्रीत घामाने थबथबलेले लोक, डोक्यावर सांताच्या टोप्या, अंगाला स्वस्त साबणाचा वास! मला इतका तुच्छतेचा आनंद फार दिवसांत झाला नव्हता.

सासूबाई मात्र चप्पल काढून मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. देवळात काढतात तशी.

सात वाजून गेले होते. पलीकडे आभाळ काळं झालेलं, आणि सिंगापूरच्या सवयीने एकदम लख्खकन वीज चमकली.

"बघ ईशा," मी हवामान खातं सुरू केलं, "बर्फ पडताना कधी वीज कडाडत नाही. हे दृश्य जगात फक्त इथे दिसेल. का? कारण बर्फ खोटा आहे."

"ओके लाह, बाबा," ईशा मोबाइलवर व्हिडिओ काढत आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

आणि मग असा काही कडकडाट झाला की जमीन हादरली. इथल्या पोरांना शाळेतच शिकवलेलं असतं, वीज म्हटली की आत पळायचं. क्षणात सगळं रिकामं झालं. यंत्रं मात्र फेस उडवतच होती. आणि त्या फेसात एकट्या सासूबाई... वाकलेल्या. दोन्ही हात पुढे, कमरेच्या उंचीवर, ओंजळीसारखे पण उभे – जसं समोर बसलेल्या कुणाचे तरी कान झाकलेत.

"आजी, कम इन लाह! लायटनिंग!" ईशा ओरडली.

त्या हलेनात. मी धावत गेलो. त्या पुटपुटत होत्या, "काही नाही रे मिलू... म्हातारी हरभरे भरडतेय. बघ, पीठ पडलं. पडलं की नाही पीठ?"

लोक काचेतून बघत होते. मला, खरं सांगतो, लाज वाटली. त्यांची काळजी नाही, माझी लाज. मी दंड धरून त्यांना आत आणलं आणि टिश्यूने हात पुसायला घेतले. हात बर्फासारखे गार होते. बोटांची टोकं लालबुंद. अनघाने हात हातात घेतले आणि माझ्याकडे बघितलं.

"एसी," मी म्हणालो.

"आपण आत्ता आत आलोय, विनायक."

"मग वारा."

घरी जाताना अनघाने सांगितलं – मिलिंद लहानपणी विजेला फार घाबरायचा, जिथे असेल तिथे उकिडवा बसायचा. आई मागून येऊन दोन्ही हातांनी कान झाकायची आणि म्हणायची, ढगातली म्हातारी हरभरे भरडतेय. तो विचारायचा, मग पीठ कुठे पडतं? त्याचं उत्तर आईकडे कधीच नव्हतं.

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास अनघाचा मोबाइल वाजला. मिलिंद. तिने स्पीकरवर टाकला.

"ताई, आई तुझ्याकडे आहे? पुण्याला फोन केला तर शेजारच्या काकू म्हणाल्या सिंगापूरला गेलीये."

सासूबाई बॅगेची चेन लावत होत्या. हात तिथेच थांबले.

"ती ऐकतेय," अनघा म्हणाली. "बोल."

मग तो म्हणाला, "आज सकाळी सहाला उठलो, ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायला. अंधार होता, वरून बर्फ पडतच होता. आणि वीज कडाडली. बर्फात! इतक्या वर्षांत कधी नाही..."

"बर्फात वीज नसते," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

"गप्प बस रे," अनघा.

"मी फावडं टाकून तिथेच बसलो, ताई. बेचाळीस वर्षांचा घोडा! आणि मागून कुणीतरी कान झाकले. गरम हात. वळून बघितलं तर कुणी नाही. पण हातांना वास होता... साबणाचा. कपडे धुतल्यावर येतो तसा."

सासूबाई पुढे आल्या, फोनच्या अगदी जवळ तोंड नेलं आणि तीन वर्षांनंतरचं पहिलं वाक्य बोलल्या.

"कानटोपी का घातली नव्हतीस?"

पलीकडून रडण्याचा आवाज आला. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये गेलो आणि बराच वेळ समोरच्या ब्लॉकचे वाळत घातलेले कपडे बघत उभा राहिलो.

आता माझी तपासणी. एक, बर्फात वीज कडाडते. दुर्मीळ, पण होते. गुगलने माझा अपमान केला. दोन, आमचे शनिवार संध्याकाळचे सात म्हणजे त्याचे शनिवारचेच सकाळचे सहा; त्याचा फोन आला तेव्हा तिकडे अजून शनिवारची रात्र होती. तीन, वीज ऐकून त्याला आई आठवली, हे समजू शकतं. पण साबण? मी ईशाला बसवून उलटतपासणी घेतली. व्हिडिओ कुठे टाकलास? मामा बघतो का? तिने कुठेच टाकला नव्हता.

"आणि टाकला असता तरी," ती म्हणाली, "इन्स्टाग्रामवर स्मेल येत नाही, बाबा."

त्या गार पडलेल्या बोटांचं तर मी कुणाला विचारलंच नाही.

संध्याकाळी विमानतळावर, इमिग्रेशनच्या रांगेआधी, मी धीर करून सासूबाईंना गाठलं. "आई, काल तिथे नक्की काय झालं हो?"

त्यांनी पासपोर्ट पर्समध्ये ठेवला, पदर नीट केला.

"तुम्ही हवामानाचं बघा, विनायकराव," त्या म्हणाल्या. "मिलूचं मी बघते."