दारातलं भोक

जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात परवा माझी मोटार भेटली. माझी म्हणजे, गेल्या वर्षी विकेपर्यंत माझी. समोरच्या पाटीवर दोनच मालक होते: एका संस्थानचे महाराज आणि नवे मालक परांजपे. मधली अकरा वर्षं मी तिच्याखाली उताणा पडून काढली, त्यांचा मागमूस नव्हता.

"पाटी लहान पडली हो काका," परांजपे म्हणाले आणि त्यांनी हँडल मारलं. माझ्या हातून कधी पहिल्या झटक्यात सुरू न झालेली ती बया लगेच गुरगुरू लागली. मोटारीनंही इतकं फितूर व्हावं?

मोटारीत कोण बसलं ते लोक लक्षात ठेवतात, खाली कोण झोपलं ते नाही. नीट जमलेली दुरुस्ती तर दिसतही नाही. दिसते ती चूक.

माझी चूक दारात होती. आरसा बसवताना ड्रिल घसरून पडलेलं भोक. विकताना लाज वाटली, म्हणून ते महाराजांच्या शिकारीतल्या गोळीचं असल्याचं मीच ठोकून दिलं होतं. आता त्याच भोकाभोवती गर्दी जमली होती.

"अहो, हे भोक…" मी खरं सांगायला तोंड उघडलं.

"सांगा, सांगा! काका फार रंगवून सांगतात," परांजपे म्हणाले.

सगळे माझ्याकडे वळले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्या मोटारीमुळे कुणी माझ्याकडे बघत होतं. मी घसा खाकरला आणि महाराजांना पुन्हा शिकारीला पाठवलं. या वेळी वाघही दिला.