अक्कांच्या आईवरचा शिक्का

ग्रंथपाल आणि अभिलेखपाल एका खोलीत बसवले की इतिहास आपोआप जपला जातो, असं आमच्या प्राचार्यांना वाटायचं. त्यांना तसं बरंच काही वाटायचं.

नव्वदच्या आसपास जळगावच्या आमच्या कॉलेजचा सुवर्णमहोत्सव जवळ आला आणि आवाराचा इतिहास गोळा करून प्रदर्शन भरवायची टूम निघाली. तोवर जुने फोटो जिमखान्याच्या माळ्यावर कबुतरांच्या ताब्यात होते, आणि त्याचं कुणालाही काही वाटत नव्हतं. ग्रंथपाल आमचेच. मी त्यांच्या हाताखाली कार्डं लिहायची. अभिलेखपाल धुळ्याहून एसटीनं यायचे, पिशवीत पांढरे हातमोजे घेऊन. टेबलाशी बसले की आधी मोजे, मग चहा. त्यामुळे मोज्यांवर चहाचे डाग असत.

दोघांचं पहिल्याच दिवशी वाजलं. दारातून आत आलं ते ग्रंथालयाचं, आणि त्यावर जांभळा शिक्का हवाच, हा ग्रंथपालांचा धर्म. भेट आलेल्या भिंतीवरच्या घड्याळालाही त्यांनी सोडलं नव्हतं. अभिलेखपाल म्हणत, शिक्का मारायचा तर मागच्या बाजूला, आणि तोही आमच्या पद्धतीचा. मागचा शिक्का चोराला दिसणार कसा, असं ग्रंथपाल विचारत. आमच्या ग्रंथालयात चोर कशाला येईल, हा प्रश्न मला पडे, पण मला कुणी विचारत नव्हतं.

अशात पिंप्राळ्याच्या एक अक्का आल्या. कॉलेजच्या पहिल्या इमारतीचा पाया खणला तेव्हा त्यांची आई तिथं मातीच्या पाट्या वाहायची. तेव्हाचा एक फोटो त्यांनी पदराच्या टोकात गुंडाळून आणला होता. बायकांची रांग, डोक्यावर पाट्या, आणि सगळ्यांत पुढे त्यांची आई, फिक्या लुगड्यातली, उन्हात डोळे बारीक केलेली. थोडीशी हसत होती.

"मनी मायना हाऊ एकच फोटू शे, भाऊ. परत देशात ना?"

प्रदर्शन झालं की लगेच परत देऊ, असं ग्रंथपालांनी सांगितलं. अक्का निश्चिंत मनानं गेल्या. मी मात्र नव्हते, कारण शिक्क्याची गादी टेबलावर उघडी होती. हा फोटो परत द्यायचाय, असं मी दोनदा म्हटलं. परत द्यायचा म्हणूनच नोंद हवी, असं उत्तर मिळालं. नोंद म्हणजे शिक्का.

शिक्का स्पष्ट उमटायला जागा उजळ लागते. सगळा फोटो काळपट. उजळ काय ते त्या बाईचं लुगडं आणि उन्हातला चेहरा. ग्रंथपालांनी नेमका तिथं ठोकला. तेवढ्यात अभिलेखपालांना आपली पद्धत आठवली. शाई वाळायची वाट न बघता त्यांनी फोटो टेबलावर पालथा घातला आणि पाठीवर आपला शिक्का असा दाबला, की टेबल हललं. फोटो उलटला तेव्हा गुळगुळीत कागदावर शाई फरफटली होती. एकट्यानं केलं असतं तर निम्माच चेहरा गेला असता. सहकार्यानं सगळा गेला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं: ओळखू येतं तसं. मला त्या दोघांची तेव्हा किळस आली. अजूनही येते.

प्रदर्शनात फोटो पुठ्ठ्यावर लावला होता. खाली चिठ्ठी: इमारतीच्या कामावरील मजूर स्त्रिया. त्याखाली जतन करणाऱ्या दोघांची नावं, पदव्यांसकट. अक्का नवं लुगडं नेसून, नातवंडांना घेऊन आल्या. त्यांना त्यांची पणजी दाखवायला. फोटोपुढे त्या कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. मग बोटाच्या टोकानं तो जांभळा डाग हळूच पुसू लागल्या.

अभिलेखपाल लगबगीनं पुढे आले. हातात मोजे होतेच.

"फोटोला बोट लावू नका, अक्का. खराब होतो."

अक्कांनी बोट मागे घेतलं. ग्रंथपाल म्हणाले, उद्या येऊन घेऊन जा.

"नही, भाऊ. आते तुम्हीच ठेवा," त्या म्हणाल्या, आणि नातवंडांना घेऊन निघून गेल्या.

फोटो अजून तिथंच आहे. चोरीला जायची काहीच भीती नाही.