फक्त हातांपुरती नटी

आमच्या केलिबिया गावात दलेंदाला ओळखत नाही असं घर नाही. उन्हाळ्यात वर्षभराचा कुसकुस करायला बायका जमल्या, की पहिला निरोप तिला जातो. रव्यावर पाण्याचा शिंतोडा पडायचा अवकाश, तिचा तळहात परातीत गरगर फिरायला लागतो आणि मोहरीएवढा एकसारखा दाणा वळत जातो. सत्तेचाळीस वर्षांची बाई, नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली, तोंडाने फटकळ. मी तिची शेजारीण. गल्लीतल्या बायकांचे केस कापते, त्यामुळे कुणाचं काय चाललंय ते सगळ्यांत आधी मला कळतं. हे मात्र डोळ्यांदेखत घडूनही उशिराच कळलं, त्याचा मला अजून राग आहे!

औषधवाल्याची शैमा आमच्या हौशी सिनेमा क्लबात आहे. तिने सिनेमा काढायला घेतला. दोन शेजारणी एकत्र कुसकुस करायला बसतात आणि ध्यानीमनी नसताना एकमेकींच्या प्रेमात पडतात, अशी गोष्ट. नट्या राजधानीतून आणल्या. दिसायला नाजूक, पण रव्याला हात लावला की लापशी.

"दलेंदा, तुझे फक्त हात हवेत," शैमा म्हणाली. "तोंड दिसणार नाही."

"मग बरंय. गोष्ट काय आहे गं?"

शैमाने सांगितली. दलेंदा पोट धरून हसली. "कुसकुस करताना? अगं, आम्हाला तिथे पाठ खाजवायला सवड नसते, आणि तू प्रेम करायला लावतेस!"

पाणी शिंपडायला आणखी दोन हात हवे होते. ते नजीबाचे. ती बंदरावर मासळीच्या कारखान्यात जाते, लग्न केलेलं नाही, बोलते मोजकंच. शिंपडणारीचं काम काही सोपं नसतं. वळणारीचे हात रव्याने माखलेले, तिला तोंडाला हात लावता येत नाही. तिचा घाम पुसायचा, सुटलेली बट कानामागे सारायची, तेही शिंपडणारीनेच. आमच्यात सगळ्याच बायका हे करतात, त्यात कुणाला काही वाटत नाही.

माझ्याच गच्चीवर कॅमेरा लागला. जुलैचं ऊन, मी छत्री धरून उभी. शैमा "कट" म्हणाली, पण भिजलेला रवा थोडाच कुणाचं ऐकतो? हात थांबला की गोळे होतात. म्हणून दोघी काम करत राहिल्या आणि कॅमेराही चालूच राहिला, आता तोंडांसकट. नजीबाने रुमालाच्या टोकाने दलेंदाचं कपाळ टिपलं, मग गाल, मग टिपायला काही उरलं नाही तरी हात तिथेच. दलेंदाने वर पाहिलं. तिचे हात थांबले. किती वेळ ते देव जाणे, पण परातीत सुपारीएवढ्या गुठळ्या झाल्या. दलेंदाच्या परातीत!

शैमा उड्याच मारायला लागली. "हाच माझा सिनेमा! नट्या जाऊ देत घरी, तुम्ही दोघीच!"

"तो तुकडा काढून टाक," दलेंदा कडाडली. "गुठळ्या दिसतायत. उद्या मला कोण बोलावेल?"

"गुठळ्यांसाठी काढायचा?" नजीबाने विचारलं. एवढंच. रुमाल उचलला आणि जिना उतरून गेली.

तीन दिवस दलेंदा माणसांत नव्हती. चौथ्या दिवशी माझ्या खुर्चीत येऊन बसली. अर्धे केस कापून झाले, तेव्हा आरशात बघत म्हणाली, "गुठळ्यांचं निमित्त होतं गं. बायका काय खुळ्या आहेत? बघताक्षणी विचारतील, हिचं लक्ष कुठे होतं. बोलावणं बंद होईल. असल्या गोष्टीला आपल्याकडे तुरुंगसुद्धा आहे."

"मग?"

"कारखाना किती वाजता सुटतो?"

मी उत्तर देईपर्यंत बाई उठून धावत सुटली, तशीच, एका बाजूचे केस लांब आणि एका बाजूचे आखूड! मी कात्री घेऊन दारात. दोघींचं काय बोलणं झालं मला माहीत नाही. पण संध्याकाळी शैमाला निरोप गेला, तुकडा ठेव.

सिनेमा पुरा झाल्यावर एका रविवारी दुपारी क्लबाच्या हॉलमध्ये पडदे ओढून तो लावला. दलेंदाला कामाला बोलावणारी झाडून सगळी घरं समोर बसलेली. पहिल्या रांगेत ऐंशी वर्षांच्या लल्ला महबूबा; वडीलधाऱ्या बाईला आम्ही मानाने लल्ला म्हणतो. दलेंदा कुसकुस वळायला शिकली ती त्यांच्याच हाताखाली.

तो तुकडा आला. लल्ला ओरडल्या, "अगं अगं, गुठळ्या! हात काय थांबवतेस, दलेंदा?"

सगळ्या हसल्या. मग पडद्यावर नजीबाचा हात दिसला, दलेंदाच्या गालावर थांबलेला, आणि एकेकीचं हसू बंद झालं.

दलेंदा उभी राहिली. "झाल्या गुठळ्या, लल्ला. माझं परातीत लक्ष नव्हतं."

"मग कुठे होतं?"

दलेंदाने शेजारी बसलेल्या नजीबाचा हात धरला आणि सगळ्यांना दिसेल असा वर उचलला. "हिच्याकडे."

लल्लांनी मागे वळून दोघींना नीट न्याहाळलं, मग हातातला पंखा हलवला.

"कळलं. आता बस खाली, पुढचं बघू दे."