आधी बोटं दाखवा

आमच्या केंद्रात दाराशी हजेरीचं यंत्र आहे. आलं की अंगठा टेकवायचा, ते बाईच्या आवाजात 'थँक यू' म्हणतं आणि दार उघडतं. मॅनेजरपासून सफाईवाल्यापर्यंत सगळ्यांना हाच नियम. अपवाद फक्त कुबरा परकार यांचा. यंत्राशेजारच्या टेबलावर एक लांबट वही असते, त्या तिच्यात सही करतात आणि पहारेकरी त्यांना दार उघडून देतो. आम्ही आपसात म्हणायचो, बाईंची वट आहे, बावीस वर्षं इथं कुवेतमध्ये काढली की माणूस यंत्रालाही जुमानत नाही. मी तर एकदा तोंडावरच म्हणालो होतो, "आपा, तुमचा थाट वेगळाच!" त्या नुसत्या हसल्या होत्या. आपला विनोद जमला म्हणून मी दिवसभर खूश होतो. आता तो आठवला की स्वतःच्याच मुस्काटात मारावीशी वाटते.

आपा मूळच्या श्रीवर्धनच्या. वय छप्पन्न, चण लहान, डोक्याला स्कार्फ, हातात कायम पातळ सुती मोजे. आमच्या केंद्राच्या त्या सुरक्षा अधिकारी. वागायला एकदम कडक, आणि भांडायला कधीही तयार. पांढऱ्या कोटाच्या खिशात त्यांची ती चावी असायची.

चावीचं सांगायला हवं. आमच्या तळघरात दोन मीटर जाड भिंतींआड सायक्लोट्रॉन नावाचं यंत्र आहे. पहाटे ते चालवून किरणोत्सारी द्रव्य तयार करायचं, त्यापासून एक प्रकारची साखर बनवायची, आणि ती इंजेक्शनच्या सिरिंजांत भरून वरच्या मजल्यावर पाठवायची. वर कॅन्सरचे पेशंट उपाशीपोटी बसलेले असतात. ही साखर टोचली की गाठ कुठे दडून बसलीय ते स्कॅनमध्ये दिसतं. पण तिचा जोर दोन तासांत निम्मा होतो, त्यामुळे काल केलेली आज चालत नाही. रोज नवी करायची, आणि घाईघाईत करायची. यंत्र चालू करण्याआधी आपा त्या जाड भिंतींच्या खोलीत फिरून आत कोणी राहिलं नाही ना ते बघायच्या, भिंतीवरची बटणं दाबायच्या, दार लावायच्या आणि बाहेरच्या पॅनेलमध्ये चावी फिरवायच्या. ती फिरल्याशिवाय यंत्र सुरूच होत नाही.

सिरिंज भरायचं काम आम्हा चौघांचं. मी चिंचवडचा सुधीर, नेहा, चिपळूणचा सर्फराज आणि एक केरळचा थॉमस. भरताना बोटं त्या द्रव्याच्या अगदी जवळ जातात, म्हणून आम्हाला एकेक प्लास्टिकची अंगठी दिलेली. तिच्यात मसुरीच्या दाण्याएवढी चकती असते, ती बोटांना किती किरण लागले ते टिपते. तीन महिन्यांनी अंगठ्या तपासायला जातात आणि आकडे येतात. केंद्राने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे आकडा गेला की तीन महिने लॅबच्या बाहेर, रिसेप्शनला. नियम चांगला आहे. पण गेल्या वर्षी इम्तियाज असाच रिसेप्शनला बसला आणि त्याचं कंत्राट पुढे वाढलंच नाही. बायको-मुलांना घेऊन तो मुंबईला परत गेला. त्याला एअरपोर्टवर सोडून आलो त्या दिवसापासून आम्हा चौघांना त्या अंगठीची भीती बसली. किरणांची नाही, अंगठीची!

मग आम्ही शहाणपणा केला. कल्पना माझी होती, हे इथंच सांगून टाकतो. काम सुरू होण्याआधी चौघांच्या अंगठ्या खजुराच्या रिकाम्या डब्यात टाकायच्या आणि डबा ऑफिसच्या कपाटात ठेवायचा. काम संपलं की परत घालायच्या.

त्या तिमाहीत पेशंट जवळजवळ दुप्पट झाले आणि आमच्या बोटांचे आकडे शून्य आले.

प्रॉडक्शन मॅनेजर सुयोग सर आनंदाने फुलून गेले. माणूस ठाण्याचा, बोलायला गोड, आणि फ्रेम करून भिंतीवर लावता येईल अशा प्रत्येक गोष्टीचा भोक्ता. 'शून्य किरण, शंभर टक्के सुरक्षा' असं प्रमाणपत्र त्यांनी छापूनही आणलं. गुरुवारी सरकारी इन्स्पेक्टर येणार होते. त्याआधी तिमाहीच्या अहवालावर आपांची सही हवी होती, एवढंच राहिलं होतं.

सोमवारी आपांनी अहवाल वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला.

"सर, सिरिंजा दुप्पट भरल्या. मग बोटांना काय नाय लागला कसा?"

"मॅडम, टीमने काळजी घेतली."

"घेतली ना. अंगठ्यांची घेतली." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "ऑफिसच्या कपाटात आपण एक अंगठी मुद्दाम ठेवतो, कोणी न घालायची. हवेतले किरण किती ते कळायला, आणि तेवढे सगळ्यांच्या आकड्यातून वजा करायला. या चौघांचा आकडा आणि तिचा आकडा एकच हाय. ही चौघं काय कपाटात बसून काम करतात?"

मी तेव्हा दारातच उभा होतो. इतकी वर्षं या धंद्यात काढून कपाट निवडताना मला तेवढीही अक्कल आली नव्हती.

सुयोग सर हसले. "मॅडम, तुमच्या कंत्राटाच्या रिन्यूअलचा कागदही माझ्याच टेबलावर आहे. तो या महिन्यात गेला नाही तर इकाम्याचा प्रश्न येईल. दोन्ही सह्या एकदमच होऊन जाऊ देत ना."

आपांना इकामा, म्हणजे इथं राहण्याचा परवाना, या नोकरीवरच मिळालेला. नोकरी गेली की इकामा गेला, आणि इकामा गेला की बावीस वर्षांचं बिऱ्हाड गुंडाळायचं. हे सरांना ठाऊक होतं, आम्हाला ठाऊक होतं. आपांनी अहवाल सही न करताच टेबलावर ठेवला आणि निघून गेल्या.

बुधवारी संध्याकाळी सरांनी मला पिटाळलं. "तुझं ऐकतील त्या. समजाव." मी खैतानहून गाडी काढली आणि फहाहीलच्या मासळीबाजारात त्यांना गाठलं. त्या तिथेच जवळ राहतात. एका विक्रेत्याशी झुबैदीवरून त्यांचं जुंपलं होतं. झुबैदी म्हणजे आपलं पापलेट. इथल्या माणसांचा त्यावर भारी जीव. आपा स्वतः माशाला हात लावत नव्हत्या. मोजे घातलेले हात मागे धरून त्याला कल्ला उघडायला लावत होत्या, आणि तो शिळा मासा ताजा म्हणून खपवतोय हे अख्ख्या बाजाराला हिंदीत सांगत होत्या.

मला बघून म्हणाल्या, "सरानं पाठवला?"

"नाही," मी म्हणालो. मग म्हणालो, "हो. आपा, एका सहीचा तर प्रश्न आहे. तुम्ही इथून गेलात तर कोणाचं भलं होणार आहे? आणि खरंच सांगा, कोणाला काही झालंय का? हे बघा." मी दोन्ही पंजे त्यांच्यापुढे पसरले.

त्यांनी माझी बोटं बघितली. एकेक करून, बराच वेळ. मासा बघत होत्या त्यापेक्षा जास्त वेळ.

"चांगली हायत," त्या म्हणाल्या. "सुधीर, मी सही नाय करणार. तुज्या सराला जाऊन सांग. इकामा गेला तर जाऊ दे, मी श्रीवर्धनला जाऊन ताजा मासा तरी खाईन. आता तू सांग, काम करताना तुजी अंगठी कुठं असते?"

मी पंजे खिशात घातले आणि गाडीकडे वळलो. परत येताना मला त्यांचा भयंकर राग आला होता. एवढा कसला ताठा? आपल्यामुळे चार घरं उघड्यावर येतील याची या बाईला काहीच पर्वा नाही? गाडीत मी मोठमोठ्याने त्यांच्याशी भांडलो, कारण समोर असताना जमलं नव्हतं.

गुरुवारी पहाटे पाचला आम्ही तळघरात गेलो तर आपा पॅनेलपुढे स्टूल टाकून बसलेल्या. चावी खिशात, हात मांडीवर.

"आधी बोटं दाखवा," त्या म्हणाल्या.

आम्ही चौघं कपाटाकडे धावलो. अंगठ्या घालून परत आलो आणि शाळेत नखं तपासायला उभं राहतात तसे रांगेत उभे राहिलो.

"आज घातल्या. ठीक. आता अहवालावर लिवा, की गेले तीन महिने घातल्या नव्हत्या. मग चावी फिरवते."

सुयोग सर धावत आले. त्यांचा आवाज चढला. "मॅडम, वर चौदा पेशंट उपाशी बसतील! माणुसकी आहे की नाही?"

"काल संध्याकाळीच वरती फोन केला. सगळ्यांना एक तास उशिरा बोलवलाय," आपा म्हणाल्या. "घड्याळ बघा, तुमच्याकडे पन्नास मिनटा हायत."

"मी सिक्युरिटीला बोलावतो!"

"बोलवा. त्यांना चावी फिरवायचा लायसन नाय."

मला हसू आलं आणि भीतीही वाटली. सरांचा चेहरा लालबुंद झाला होता. ते म्हणाले, "एवढं आकांडतांडव कशासाठी? कोणाचं काय बिघडलंय? एक माणूस दाखवा मला, ज्याच्या बोटांना काही झालंय. एक!"

आपा उठल्या. जिना चढून वर गेल्या. आम्ही मागोमाग. त्या हजेरीच्या यंत्रापाशी थांबल्या आणि त्यांनी दोन्ही हातांचे मोजे काढले.

उजवा अंगठा यंत्रावर टेकवला. 'प्लीज ट्राय अगेन,' यंत्र म्हणालं. मग पहिलं बोट. 'प्लीज ट्राय अगेन.' मग मधलं. एकामागून एक दहाही बोटं त्यांनी टेकवली आणि दहाही वेळा ती बाई त्याच गोड आवाजात तेच म्हणाली. पहारेकऱ्याने मान खाली घातली. त्याला माहीत असावं. मी जवळून बघितलं. बोटांच्या टोकांची कातडी ताणून बसवल्यासारखी गुळगुळीत, चकचकीत झाली होती. तिच्यावर एकही रेषा नव्हती. नखं उभी चिरलेली.

"मुंबईत एका लहान सेंटरात सहा वर्षं सुया भरल्या," आपा मोजे चढवत म्हणाल्या. "शिशाचा आडोसा नाय, काय नाय. अंगठी पर्समधी ठेवायची. आकडा वाढला तर काढून टाकतील, म्हणून. बोटा अशी झाली तवा डॉक्टर बोलला, किरणांनीच झालाय असा वाटतो, पण लिहून कसा देऊ? तुमच्या रेकॉर्डला तर सगळा शून्य हाय. ना इलाजाचा खर्च, ना कोणी विचारला. इथं सरकारी बायोमेट्रिकला, बोटांचे ठसे द्यायला, मना चार वेळा बोलवला, काउंटरवरची पोर क्रीम लावून लावून थकली. पण कागदावर बघाल सर, तर माजी बोटा एकदम चांगली हायत."

मला माझे ते पसरलेले पंजे आठवले, बाजारात, त्यांच्या डोळ्यांपुढे. मी तिथे त्यांना विचारलं होतं, कोणाला काही झालंय का. शरमेनं मेल्यासारखं झालं.

मी खाली गेलो, अहवाल उघडला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'या तिमाहीत काम करताना मी अंगठी घातली नाही. इतरांनाही मीच तसं सुचवलं.' खाली सही केली. नेहाने माझ्या हातातून पेन घेतलं. तिच्यानंतर थॉमसने. सर्फराजला वेळ लागला. त्याच्या घरी दोन महिन्यांपूर्वीच मुलगी झाली होती आणि इम्तियाज त्याचा मावसभाऊ. त्याने पेन दोनदा खाली ठेवलं. मग लिहिलं. सर्वांत शेवटी आपांनी सही केली, खिशातून चावी काढली आणि आत कोणी राहिलं नाही ना ते बघायला नेहमीसारख्या फेरी मारून आल्या. सहाला आठ मिनिटं असताना यंत्र सुरू झालं. एकही पेशंट परत गेला नाही.

इन्स्पेक्टरांनी तो कागद दोनदा वाचला. दंड झाला, ताकीद मिळाली. सिरिंज भरायचं स्वयंचलित यंत्र येईपर्यंत पेशंट कमी घ्यायचा हुकूम निघाला. प्रमाणपत्र कुठे गेलं कोणास ठाऊक. पुढच्या तिमाहीत आमचे खरे आकडे आले. माझा सगळ्यांत मोठा, म्हणून मी सध्या रिसेप्शनला बसतो. माझं कंत्राट वाढेल की नाही मला माहीत नाही. आपांच्या रिन्यूअलचा कागद सरांच्या टेबलावरून हललाच नाही. त्यांचा इकामा जूनपर्यंत आहे. "जूनपर्यंत चावी माज्याकडे हाय," एवढंच त्या म्हणतात, आणि रोज पहाटे तळघरातून त्यांचा आवाज येतो, "बोटा!"

परवा मी आणि नेहाने एक ठरवलं. सकाळी आलो, यंत्राकडे पाठ केली आणि आपांच्या लांबट वहीत त्यांच्या नावाखाली आमच्या सह्या ठोकल्या. वाटलं, त्यांना बरं वाटेल. मागून त्या आल्या, वही बघितली आणि अशा काही भडकल्या की सरांवरही कधी भडकल्या नव्हत्या. आमच्या दोन्ही सह्या त्यांनी पेनाने खोडून काढल्या, माझं मनगट मोज्यातल्या हाताने धरलं आणि मला यंत्रापुढे उभं केलं.

"तुजा अंगठा उमटतो ना अजून?" त्या म्हणाल्या. "मग लाव!"

मी अंगठा लावला.