आधी बैल, मग वाकळ

आमच्या बैठकीच्या भिंतीवर चौकटीत एक देवणी बैल आहे. मॅटीच्या कापडावर फुलीफुलीनं भरलेला. अंग पांढरं, तोंड दोन्ही बाजूंनी काळं. आलेला पाहुणा विचारतो, आणि हे अभिमानानं सांगतात, "आईसाठी भरला हिनं. तिच्या शेवटच्या आजारात." तेवढं खरं आहे. बाकीचं ह्यांना माहीत नाही असं नाही, पण ते सांगत नाहीत.

बहात्तरच्या दुष्काळात माझ्या लग्नाला वर्ष झालं नव्हतं. हे निलंग्याला तहसिलीत कारकून होते. माझं माहेर देगलूरकडच्या एका खेड्यात. तिथे विहिरीच्या तळाचं पाणी पिऊन माणसं आजारी पडत होती, त्यात आई गेली. मला कळलं तेव्हा तिचा दहावा होऊन गेला होता. भाऊ एसटीनं आला, हातात पिशवी. पिशवीत आईचं एक इरकली लुगडं. "अक्का, एवढंच ऱ्हायलं," म्हणाला आणि परतीच्या गाडीनं गेला.

लुगडं मी माझ्या पेटीत तळाशी ठेवलं. सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी पेटी उघडली.

"मेलेल्या माणसाचं लुगडं घरात ठेवत नसतात," त्या म्हणाल्या.

"मी नेसते, आत्याबाई."

"नवी सून मेलीचं लुगडं नेसून दारात उभी ऱ्हाणार? वाकळीत घाल. थंडी आली."

आमच्याकडे जाड गोधडीला वाकळ म्हणतात. ती त्यांच्यासाठीच शिवायची होती. लुगडं वरच्या बाजूला घ्यावं म्हणून मी ते पसरलं, निदान दिसत तरी राहील. त्यांनी पायानं सरकवलं. "मधी घाल. रोज सकाळी उठून तुझ्या आईचं तोंड कशाला बघू मी?"

मी मध्ये घातलं. माझ्याच हातानं, काठापासून काठापर्यंत धावदोरा घालून.

वाकळ फाटली म्हणून कुणी उसवत नाही. वरून दुसरं कापड चढवायचं, पुन्हा सगळीकडून टाके घालायचे. जुनी वाकळ नवीच्या पोटात जाते. पुढच्या दहा वर्षांत मी त्या वाकळीला दोनदा कापड चढवलं. प्रत्येक वेळी आई एक थर खाली गेली. उसवायला मागितलं तर त्या म्हणायच्या, "शिवलेलं उसवणं अपशकुनाचं." घरातल्या सगळ्या शकुनांची मुखत्यारी त्यांच्याकडेच होती.

मग लातूर जिल्हा झाला. नव्या कचेरीत माणसं हवी होती, ह्यांची बदली झाली. आम्ही लातूरला दोन खोल्यांत आलो आणि सासूबाईंनी खाट धरली. पोटात गाठ होती. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, खाईल ते द्या.

दवाखान्यातून येताना रिक्षात माझ्या मनात पहिला विचार आला तो वाकळीचा. आमच्यात माणूस ज्या अंथरुणावर जातं ते अंथरूण त्याच्याबरोबर स्मशानात जातं. घरात परत येत नाही. त्या वाकळीवर गेल्या, तर वाकळ गेली.

मी दुसऱ्याच दिवशी नवी वाकळ धरली. जुनी पातळं, धोतरं, पलंगपोस, जे होतं ते कापलं. हिशेब सोपा होता. त्या जाण्याआधी ही पूर्ण करायची, त्यांच्याखाली घालायची आणि जुनी काढून घ्यायची. गल्लीतल्या बाया दारावरून जाताना थांबायच्या. "बघा, म्हातारीला ऊब पाहिजे म्हणून सून दिवसभर सुई धरून राहिली." मी मान खाली घालून टाके घालायचे.

सासूबाई खाटेवरून बघत होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण सुई कुठे चालली आहे ते त्यांना बरोबर कळायचं.

"लई घाई झाली गं तुला?"

मला आडून बोलता येत नाही. म्हटलं, "हाव. जुनीत माझ्या आईचं लुगडं हाय. ते मला पाहिजे."

"तुझ्या आईनं किती वर्सं नेसलं?"

"चार-पाच."

"अन् मी दहा वर्सं अंगाखाली घेतलं. मग कुणाचं झालं ते? तू तर हिशेबाची पक्की हायेस. सांग की."

मी पुढचा टाका घातला. त्या हसल्या, खोकल्या, पुन्हा हसल्या.

आठवडाभरानं त्यांनी मुलापुढे विषय काढला. त्यांचं माहेर देवणीचं. वडिलांच्या गोठ्यात एक वानेरा बैल होता, काळ्या तोंडाचा. दुष्काळात चारा संपला आणि तो गेला. "डोळे मिटायच्या आत त्याला एकदा भितीवर बघावं वाटतंय रे. हिला फुल्या भरता येतात. वाकळ काय, कधीबी होईल."

हे माझ्याकडे वळले. "आई मागते काय? एक बैल. आधी तो कर."

फुल्यांचं काम मी शाळेत शिकले. मोजायचं काम आहे. कापडाची भोकं मोजायची, वरची तिरकी सगळीकडे एकाच बाजूला झुकली पाहिजे. एक फुली सरकली की पुढची ओळच सरकते. चुकलेली फुली मला ठेवता येत नाही. कुणाला दिसो न दिसो, मला ती खुपत राहते. हे सासूबाईंना माझ्या लग्नापासून माहीत होतं.

चौकटी आखलेल्या कागदावर बैल काढला. शिंगं झाली, तोंड झालं. कापड त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी बोट फिरवलं.

"पोळीत एक फुली चुकली बघ." पोळी म्हणजे बैलाच्या गळ्याखालची लोंबती कातडी.

मी मोजलं. चूक सापडली नाही. मीच मोजताना चुकत असेन असं वाटून पुन्हा मोजलं. मग शंका राहिली म्हणून ती ओळ उसवून परत भरली. पुढच्या खेपेला वशिंडात चुकली. नंतर मागच्या पायात. प्रत्येक वेळी मी मोजत बसले, आणि वाकळ कोपऱ्यात घडी घालून पडून राहिली. तिच्या तीन कडा झाल्या होत्या, चौथी आणि मधला भाग बाकी होता.

बैल पूर्ण झाला तेव्हा त्यांचं जेवण सुटलं होतं, चमच्यानं पाणी चालू होतं. मी तो समोरच्या भिंतीवर लावला आणि लगेच वाकळ हातात घेतली.

"कशाला आता?" त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. "ऐक. फुली कुठंच चुकली नव्हती गं."

मी सुई थांबवली.

"मला दिसतंय कुठं? तू मोजत बसायचीस, मजा वाटायची." मग अंगाखालची वाकळ चाचपत म्हणाल्या, "तुझ्या आईच्या लुगड्यात जाते मी. चांगलं मऊ झालंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या.

तिरडी बांधून झाली. गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाईनं खाटेवरची वाकळ गोळा करायला घेतली. मी तिचा हात धरला. "ही राहू द्या."

"अगं, येडी का खुळी तू? मेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवतात का?"

"हिच्यात माझ्या आईचं लुगडं हाय."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. मग सगळ्यांनी ह्यांच्याकडे. हे रडत होते. त्यांनी लुगडं पाहिलं होतं, भाऊ आला तेव्हा घरातच होते. म्हणाले, "ती वाकळ आईची आहे. जाऊ दे तिच्याबरोबर. तमाशा नको."

माझा हात सुटला. म्हातारीची नजर मग कोपऱ्याकडे गेली. "अन् ही नवी? सुनेनं एवढ्या मायेनं शिवली, अर्धी राहिली बिचारी. हीबी घाला वरून."

आणि त्यांनी ती घातली. सुई अजून कापडात होती. मी सांगितलं, तर ती काढून कुणीतरी माझ्या हातात दिली.

बैल भिंतीवर राहिला. लातुरात आम्ही दोनदा घर बदललं, दोन्ही वेळा ह्यांनी खिळा आधी त्याचा ठोकला. पाहुणे त्याच्याखाली बसून चहा घेतात. मी पुढे कधी वाकळ शिवली नाही. बैल मात्र एकदा, घरात कुणी नसताना, खाली उतरवून पहिल्यापासून मोजला. बरोबर आहे. एकही फुली चुकलेली नाही.