दोन म्हाळसाबाई वाघमोडे

सांगोल्याकडच्या माळावर दगड उचलला तरी खाली एखादा वाघमोडे सापडेल, इतकं ते आडनाव तिकडे उदंड. मेंढरं आटली तशी ही माणसं सोलापूरच्या गिरण्यांत शिरली. १९२८ च्या सुमाराला एका गिरणीच्या कांडी खात्यात, म्हणजे जिथे सूत कांड्यांवर गुंडाळतात तिथे, पाच वाघमोडे बायका होत्या. सगळ्याच नावाजलेल्या. रंभाबाईच्या हातात सूत तुटतंय न तुटतंय तोच गाठ बसलेली असे. दगडाबाईच्या ओव्या ऐकायला जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्या खात्यातून माणसं येत. तानाबाई बोलण्यात कुणाला हार जात नसे. उरल्या दोघी, आणि दोघींचंही नाव म्हाळसाबाई. थोरली उंच आणि तापट. धाकटी मान खाली घालून काम करायची, तेवढ्यापुरतीच तिची ख्याती.

हजेरीचं नवं मस्टर आलं तेव्हा कारकून शंकरप्पाने बायकांना नवऱ्याची नावं विचारली. झालं! नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, मग घेणार कोण? दोघी म्हाळसाबाया तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. शेवटी तानाबाईने दोघींच्या वतीने उरकून टाकलं, "एकीचा धोंडीराम, एकीचा ज्ञानबा." कुणाचा कोण, हे शंकरप्पाने विचारलं नाही. त्याने अदमासाने लिहिलं आणि थोरलीचा ज्ञानबा धाकटीच्या गळ्यात बांधला. वाचता त्या बायकांपैकी एकीलाही येत नव्हतं.

चार महिन्यांनी मुकादमाने थोरलीच्या कमरेला हात लावला. तिने भरलेली कांडी त्याच्या कपाळात घातली. चांगलं केलं. त्याच संध्याकाळी ती बोचकं बांधून गावी निघून गेली, आणि मुकादम कचेरीत सांगून गेला, "ज्ञानबाच्या म्हाळसाबाईला काढा." शंकरप्पाने मस्टरात ज्ञानबा शोधला आणि त्या ओळीवर रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीला फाटकावर अडवलं. तिच्या पदरात दोन पोरी. गिरणी सुटली तर परत जायला गावाकडे मेंढरू उरलेलं नव्हतं.

"मुकादमाला मारणारी मी न्हवं," ती म्हणाली.

शंकरप्पाने मस्टर तिच्या पुढ्यात आपटलं. "हितं नवरा ज्ञानबा लिहिलाय."

"माजा मालक त्यो न्हाय की."

"मग कोण? नाव सांग, आत्ता दुरुस्त करतो."

मुकादम डोक्याला फडकं बांधून घरी पडला होता, त्यामुळे ओळख पटवायला तोही नव्हता. तानाबाई गर्दीतून पुढे घुसली. "मी सांगते, हिचा मालक..."

"तू गप बस! तुम्ही सगळ्या वाघमोडे एकमेकींच्या साक्षी देता. हिच्या तोंडून ऐकायचंय मला."

म्हाळसाबाईने पदर तोंडाला लावला. आता सांगायलाच हवं की हा तिचा नवरा धोंडीराम सहा वर्षांपूर्वी बार्शीला दुसऱ्या बाईच्या घरात राहायला गेला होता. पोरी जगल्या की मेल्या, हे विचारायलाही तो कधी आला नाही. तरी ही बाई रोज त्याच्या नावाचं कुंकू लावायची आणि पोरींशी बोलतानासुद्धा त्याला 'ते' म्हणायची. मला तर याची चीडच येते. पण तिचं म्हणणं एवढंच होतं, की आपल्या जिभेने कुणाचं वाईट होऊ नये.

दुसरा भोंगा झाला. शंकरप्पाने मस्टर मिटायला घेतलं.

म्हाळसाबाईने तोंडावरचा पदर काढला आणि कमरेला खोचला.

"धोंडीराम!"

रस्त्यावरच्या टांगेवाल्याने वळून बघितलं. फाटकातल्या बायकांनी तोंडावर हात ठेवले.

"धोंडीराम वाघमोडे! ऐकू आलं का अजून सांगू? धोंडीराम!"

"आलं, आलं," शंकरप्पा गडबडला. त्याने ज्ञानबा खोडला, धोंडीराम लिहिला आणि तिचं हजेरीचं तिकीट मुकाट्याने पुढे सरकवलं. तिने ते उचललं आणि ती कुणाकडेही न बघता फाटकातून आत चालू लागली.

तानाबाई धावत तिच्या मागे आली. जन्मात पहिल्यांदाच तिची बोबडी वळली होती. "अगं बये, तीनदा घेतलंस! आयुष्य कमी हुतंय की गं त्याचं!"

"हू दे," म्हाळसाबाई म्हणाली. "सहा वर्सं त्याचं आयुष्य म्या माज्या तोंडात राखलं. आता माजं राखते."